मानमोडीचा दस्त

बाईंना कसलीच भीती वाटत नाही, असा आमच्या ऑफिसात समज होता. भ्यायचं काम आमच्याकडे होतं आणि ते आम्ही मन लावून करायचो.

ऑफिस म्हणजे दस्तनोंदणीचं. घर विकलं, जमीन वाटून दिली, मृत्युपत्र केलं की माणसं आमच्याकडे येतात, बरोबर दोन साक्षीदार आणतात, अंगठे देतात, फोटो काढतात. बाई तिथे वरिष्ठ लिपिक. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, पण त्या आवाजात त्यांनी एखाद्याला "आपण काय म्हणालात?" असं विचारलं की तो माणूस काय म्हणालो ते विसरून जायचा.

मी परीक्षा देऊन तिथे कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. त्यांच्या मानेला पोत्यांनी घट्टा पडलाय, माझ्या बोटाला पेनाने. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पदवीचा कागद आईने फ्रेम करून बुद्धाच्या मूर्तीशेजारी लावलाय. पाहुणे येणार म्हटलं की ती आधी मूर्ती पुसते आणि मग फ्रेम, असं ती सांगते. मी पाहिलंय त्यात क्रम उलटा असतो.

तर पहिल्याच आठवड्यात एका दस्तात घोळ निघाला. 'मूळ कागद पाहिले' या शेऱ्याखाली आम्हा तिघांच्या सह्या होत्या. मूळ कागद कोणी पाहिले, असं बाईंनी विचारलं. बाकी दोघे म्हणाले, पाहिले. मी म्हणालो, सही केली, पण पाहिले नव्हते. बाईंनी खिडकीपलीकडच्या रांगेसमोर मला झापलं. "सही म्हणजे काय रांगोळी वाटली? आपली हौस म्हणून काढायची?" मग तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या, पदवीधर." तेव्हापासून मला तेच नाव पडलं. टोमणा होता, कळत होतं. पण पदवीधराला पदवीधर म्हटल्यावर त्याने रागवायचं तरी कशाला?

आमच्या फाटकाबाहेर काही माणसं रोज उभी असतात. एका चहावर ती कोणाचीही साक्षीदार होतात. अशी माणसं ओळखण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा असाच एकजण घर विकणाऱ्याबरोबर आला आणि म्हणाला, आमची लहानपणापासून ओळख, एका ताटात जेवलोय. बाईंनी विकणाऱ्याला हात खिशात घालायला सांगितला आणि साक्षीदाराला विचारलं, "यांच्या उजव्या हाताला बोटं किती?" तो हसून म्हणाला, पाच. विकणाऱ्याने हात बाहेर काढला. चार होती, एक कधीचं कारखान्यातल्या मशिनीत गेलेलं. बाई म्हणाल्या, "एका ताटात जेवलात. मग भात कोणी कालवला?" विकणारा अजीजीने म्हणाला, राहू द्या, मीच माझा साक्षीदार होतो. तर म्हणाल्या, "स्वतःच्या बाबतीत स्वतःची साक्ष चालत नाही. चालली असती तर जगात कोर्टंच लागली नसती."

'बहुतेक' हा शब्द त्यांच्या टेबलाच्या आसपास वापरायला बंदी होती. साहेब आलेत का, बहुतेक आलेत. "बहुतेक म्हणजे नाही," बाई म्हणायच्या, "उठा आणि बघून या."

मला वाटायचं, एवढी खात्री असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. खात्री आणि भीती शेजारी शेजारी नांदतात, हे मला कुठे माहीत होतं.

तसं दिसत होतं, पण आम्ही बघत नव्हतो. त्या हिवाळ्यात, म्हणजे त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, बाई संध्याकाळी कपाटाला कुलूप लावायच्या आणि कोणाला तरी बोलावून विचारायच्या, "लागलंय ना? पाहिलंत?" हो म्हटलं की पुन्हा, "हाताने ओढून पाहिलंत?" शिपाई म्हणायचा, निवृत्ती जवळ आली की माणूस असाच करतो. मग एके दुपारी त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट करून विचारलं, "त्या पांढऱ्या टोपीवाल्यांना किती वेळ बसवून ठेवणार आहात?" खुर्ची रिकामी होती. आम्हाला वाटलं, हा टोमणा. पक्षकार वाट बघून कंटाळून निघून गेला असेल, त्यावर बोलताहेत. शिपाई हसला. मीही हसलो. आणि पदवीधराची हुशारी म्हणून ती खुर्ची उचलून आतल्या खोलीत ठेवली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्याचा अर्थ मला पुढे दोन महिन्यांनी कळला.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, "रविवारी सकाळी सहाला तळजाईच्या टेकडीवर, फाटकापाशी या. कारण विचारू नका." मी विचारलं नाही. आई घाबरली. मोठ्या बाईंनी ऑफिसाबाहेर बोलावलं म्हणजे नोकरीचं काहीतरी असणार. तिने पांढरा शर्ट इस्त्री केला, वडिलांनी बुटांना पॉलिश केलं. फाटकापाशी बाई कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल, गळ्यात जुनी दुर्बीण अशा उभ्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "वरात कुठे आहे?"

कारण होतं त्यांची वही. लांब, हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, आमच्या ऑफिसात पूर्वी असायची तसली. तीसेक वर्षं बाई त्या टेकडीवर पक्षी बघत होत्या आणि नेहमी न दिसणारा पक्षी दिसला की त्याचा दस्त करत होत्या. हा शब्द त्यांचाच. क्रमांक, तारीख, वेळ, पक्ष्याचं वर्णन, आणि मग चतुःसीमा. पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस पायवाट, उत्तरेस गिरिपुष्पाची रांग, दक्षिणेस मोडकं बाकडं. खाली 'प्रत्यक्ष पाहिले' म्हणून दोन सह्या. एक बाईंची, दुसरी साक्षीदाराची. दोघांनी एकाच वेळी पाहिला तरच नोंद पक्की. कावळा, साळुंकी, बुलबुल यांना वहीत जागा नव्हती. "रोज दिसणाऱ्याचा दस्त कोण करतं?"

आधीच्या सगळ्या पानांवर दुसरी सही एकाच बाईंची होती. त्या आमच्या बाईंच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. आदल्या पावसाळ्यात वारल्या. त्यानंतरच्या चार नोंदींत दुसरी जागा कोरी होती. मी म्हणालो, फोटो काढला तर? बाई म्हणाल्या, "फोटोला उलटतपासणी घेता येत नाही."

मग दर रविवारी मी जायला लागलो. पहिल्या दोन रविवारी मला वाटलं, पाण्याची बाटली धरायला माणूस हवा असेल. पण बाई बाटली स्वतःच धरायच्या. माझ्याकडे फक्त बघायचं काम. बघायचं कसं, तेही शिकवलं. एका जागी एक मिनिट, पापणी लववायची तेवढीच, आणि काय दिसलं तेच सांगायचं. काय असेल ते नाही. "असेल ते देवाला माहीत. तो साक्षीला येत नाही."

होळी झाली आणि टेकडी गुलाबी झाली. गिरिपुष्पाला पान एक नाही, नुसती फुलं. खाली वाळका पाचोळा, त्यावर पडलेली फुलं, मधून फिरायला आलेल्या लोकांच्या पायवाटा. हवेत अजून थोडा गारवा होता. टाकीच्या अलीकडे एक जुनं, साल फाटलेलं झाड आहे. तिथे बाई थांबल्या. हात वर केला. मी थांबलो.

"खोडावर," त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या. "जमिनीपासून दोन हात. मानमोडी आहे."

मी बघितलं. मला खोड दिसलं.

"मान वळवतेय. पाठीमागे वळवलीन् बघा. दिसली?"

मी एक मिनिट बघितलं, शिकवलं होतं तसं. साल, सालीतल्या भेगा, खाली मुंग्यांची रांग. बाईंनी दुर्बीण माझ्या हातात दिली. दुर्बिणीतून तेच खोड मोठं दिसलं.

"अजून आहे?" मी विचारलं.

"आहे. तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

बाईंचा हात माझ्या कोपरावर होता आणि तो घट्ट आवळत चालला होता. ज्या हाताने त्यांनी ऑफिसातल्या भल्याभल्यांची बोटं मोजली, तो. मला एकदम कळलं की या बाई घाबरल्या आहेत. मग मीही घाबरलो, इतका की तोंडातून 'हो' निघालंच होतं. काय बिघडलं असतं? एक पक्षी तर होता.

"नाही बाई," मी म्हणालो. "मला दिसत नाही."

त्या मोडक्या बाकड्यावर जाऊन बसल्या. मी म्हणालो, रंगच सालीसारखा असेल तिचा. त्या म्हणाल्या, "असेल?"

मग त्यांनी घोड्याची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील हिशेबतपासनीस होते, कडक माणूस. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना सदाशिव पेठेतल्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, पॅसेजमध्ये घोडा दिसायला लागला. तांबडा. मान हलवणारा. आधी घरात सगळे हसले. वडील म्हणायचे, त्याला हरभरे भिजत घाला, तर बाई खरंच घालायच्या आणि सकाळी त्याच हरभऱ्यांची उसळ करायच्या. पुढे घोड्याबरोबर माणूस दिसायला लागला. पुढे तो माणूस रोज येऊन बसायला लागला.

"घोडा शेवटपर्यंत दिसत होता त्यांना," बाई म्हणाल्या. "मीच दिसेनाशी झाले. समोर वाटी धरून उभी असायचे आणि ते भिंतीला विचारायचे, ती कुठे गेली?"

मला त्या क्षणी कोपऱ्यातली रिकामी खुर्ची आठवली.

"मला या चैत्रात सत्तावन्न पूर्ण होतात," त्या म्हणाल्या. मग प्रथमच मला तू म्हणाल्या. "तू हो म्हणाला असतास तर मी आज सुखाने घरी गेले असते. आणि पुन्हा कधी तुला काही विचारलं नसतं. बरं केलंस."

बरं केलं असं मला वाटत नव्हतं. बाईंनी वहीत नोंद केली, चतुःसीमेसकट. पहिली सही केली. दुसऱ्या जागी पेन्सिलीने लिहिलं, 'प्रलंबित'.

घरी आईला सांगितलं की एका पक्ष्यापायी बाई काळजीत आहेत. कुठला पक्षी, तिने विचारलं. मानमोडी म्हटल्यावर तिने हातातली भाकरी ठेवली. त्या नावाची साथ तिच्या पणजीच्या वेळी गावात येऊन गेली होती आणि घरंच्या घरं रिकामी करून गेली होती. "असलं नाव घेऊ नये सकाळचं," ती म्हणाली. मी शिकलेला माणूस, मी हसलो. पण मोठ्याने हसलो नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या आधी मी एकटाच टेकडीवर गेलो. त्या झाडापासून दहा पावलांवर बसलो. पक्ष्यांचं पुस्तक मोबाईलवर सहज मिळालं असतं; मी मुद्दाम बघितलं नाही. मानमोडी कशी असते हे कळलं, तर मला तीच दिसायला लागेल, ही भीती होती. सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. ऑफिसात बाईंनी कपाटाची किल्ली स्वतःहून दुसऱ्याकडे दिली. लोक म्हणाले, मवाळ झाल्या. त्या दर अर्ध्या तासाने आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या, जिथे मी ती खुर्ची ठेवली होती. बुधवारी मी प्रार्थना करावी तसा त्या मुंग्यांच्या रांगेकडे बघत बसलो. काही नाही.

गुरुवारी खोडाच्या सालीचा एक तुकडा वळला.

दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही. साल होती, तिने मान वळवली. आधी डावीकडे, मग इतकी मागे की कुठल्याही पाखराला वळवता येऊ नये. सापाने डोकं फिरवावं तशी, सावकाश. मी घाबरून मागे सरकलो, हातात पाचोळा आला. चिमणीपेक्षा मोठी, राखाडी, आणि डोक्यापासून पाठीवर खाली आलेला एक काळपट पट्टा, पट्टीने रेघ मारताना पेन गळावं तसा. मग ती खाली उतरली, मुंग्यांवर दोनदा चोच मारली, आणि उडून गेली. मी मोबाईलवर फोटो काढला होता. फोटोत खोड आलं.

मी जिना एका दमात चढून ऑफिसात गेलो आणि बाईंच्या टेबलासमोर उभा राहिलो. पाहिली, म्हणालो. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला नाही. आणखी कोण होतं, विचारलं. कोणी नाही. उंची किती, उजेड कुठून, चोच कशी. एकेक प्रश्न, जसा फाटकाबाहेरच्या माणसाला विचारायच्या तसा. मी पट्ट्याचं सांगितलं तेव्हा त्या थांबल्या.

"पट्ट्याचं मी तुला बोलले नव्हते."

"नाही."

"पुस्तकात पाहिलंस?"

"पुस्तक उघडलंच नाही. मुद्दाम."

बाईंनी पिशवीतून वही काढली. 'प्रलंबित' खोडरबरने पुसलं आणि शेरा लिहिला: 'साक्षीदाराने चार दिवसांनी स्वतंत्रपणे पाहिले.' मी सही केली. माझ्या नोकरीतली ती सर्वांत सावकाश केलेली सही असेल. बाईंनी डोळे मिटले, आणि मला वाटलं, संपलं एकदाचं.

डोळे उघडून त्या म्हणाल्या, "आता खुर्ची. त्या दिवशी पांढऱ्या टोपीवाले कोण होते?"

रविवारी दिलेल्या एका 'नाही'मुळे माझ्या गुरुवारच्या 'हो'ला किंमत आली होती. ते दोन्ही आता माझ्यासमोर बसून होते.

"खुर्चीवर कोणी नव्हतं, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. "एक होतं, एक नव्हतं. पुढचं काम बघा, रांग वाढलीय."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. हे कोण, डॉक्टरांनी विचारलं. "हे माझे साक्षीदार," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं, एकेक अक्षर विचारून, आणि लिहिलेलं मला वाचायला लावलं.

आता त्या निवृत्त आहेत. दिवसा सोबतीला एक मावशी असतात. रविवारी मी त्यांना स्कूटरवरून टेकडीवर नेतो. जास्त चालवत नाही, बाकड्यापर्यंत. वही आता दोन्ही बाजूंनी भरते आहे. पुढून पक्षी. मागच्या पानापासून उलटं, बाकीचं. तिथे बाईंची सही असते आणि माझ्या जागी 'पाहिले नाही'. टोपीवाले गृहस्थ तिथे बरेचदा आहेत. एका पानावर ओलं लुगडं वाळत घातलंय. या बाजूलाही चतुःसीमा चुकत नाहीत.

गेल्या रविवारी गिरिपुष्प पुन्हा तसंच फुललं होतं. बाई बराच वेळ टाकीकडे बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "टाकीपाशी घोडा आहे?"

मी एक मिनिट बघितलं. पापणी लववायची तेवढीच. मनातून मला त्या दिवशी घोडा दिसायला हवा होता.

"नाही, बाई."

"तांबडा. मान हलवतोय."

"नाही."

त्यांनी वही मागून उघडली, नोंद केली, मी माझ्या जागी 'पाहिले नाही' लिहिलं. मग त्या माझ्या दिशेने वळल्या. बघत राहिल्या. मी ज्या नजरेने त्या खोडाकडे बघितलं होतं, तशा.

"आणि इथे," त्या म्हणाल्या, "बाकड्यावर, माझ्या डाव्या हाताला?"

आधी मला कळलंच नाही. मग कळलं, त्या माझ्याबद्दलच विचारत होत्या.

"मी आहे, बाई."

"स्वतःच्या बाबतीत स्वतःची साक्ष चालत नाही, पदवीधर."

पायवाटेने एक गृहस्थ कानटोपी घालून झपझप चालले होते. बाईंनी त्यांना हाक मारली, तो जुना, बेताचा आवाज. "अहो, जरा इकडे या. इथे कोणी बसलंय?"

गृहस्थ माझ्याकडे बघून, मग बाईंकडे बघून म्हणाले, हे बसलेत की.

"बहुतेक की नक्की?"

"नक्की."

बाईंनी वही पुढून उघडली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. सही कशाची, हे न विचारता त्यांनी केली. त्या आवाजापुढे कोणीही केली असती. मग ते मागे वळून वळून बघत निघून गेले. बाईंनी खाली सावकाश लिहिलं. पूर्वेस टाकी, पश्चिमेस पायवाट, उत्तरेस गिरिपुष्पाची रांग, दक्षिणेस मी स्वतः.